अनसूयेची चौथी

गेल्या महिन्यात माझ्या धाकट्या मुलाने त्याच्या मुलीचा अभ्यास मी घ्यावा असे सुचवले. नात आठ वर्षांची आहे. वर्गात तिचे लक्ष नसते, अशी चिठ्ठी शाळेतून आली होती. मी छत्तीस वर्षे गणित शिकवले. तेव्हा मुलाचे म्हणणे चुकीचे नव्हते. मी नकार दिला. मुलगा नाराज झाला आणि सून दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. दोघांनी कारण विचारले, ते मी सांगितले नाही. ते या प्रकरणात लिहून ठेवतो.

आमचे घर साखर पेठेत होते. पुढे मागांची खोली, मागे स्वयंपाकाची, आणि दोहोंच्या मध्ये एक अरुंद पडवी. मागांच्या खोलीत टॉवेल विणणारे दोन यंत्रमाग होते आणि सूर्य उगवल्यापासून संध्याकाळचा स्वयंपाक होईपर्यंत ते चालत. लाकडी धोटा एका टोकावरून सुटून दुसऱ्या टोकावर आदळे, लगेच परत फिरे, आणि हे मिनिटाला शंभरावर वेळा होई. भिंती हादरत. फळीवरची पितळी भांडी एकमेकांना लागून किणकिणत, पण ते किणकिणणे फक्त माग बंद झाल्यावर, शेवटच्या थरथरीत ऐकू येई. ज्वारीची भाकरी, शेंगाचटणी आणि पुंडीपल्ल्याची आंबट भाजी हे आमचे रोजचे जेवण. त्या सगळ्यावर सुताचे बारीक तंतू येऊन बसलेले असत. ते बोटाने बाजूला सारायचे आणि जेवायचे. पाहुण्यांना किळस येई. आम्हाला पाहुण्यांच्या घरची भाकरी फार मऊ लागे.

अशा घरात बोलण्याची पद्धत वेगळी असते. वाकडे केलेले बोट म्हणजे धागा तुटला. अंगठा ओठाला म्हणजे पाणी. मनगटावर दोन चापट्या म्हणजे नायना बोलावत आहेत. नायना म्हणजे वडील; घरात आम्ही तेलुगू बोलत असू, आणि त्या वेळची बोलणी मी इथे आमच्या पेठेतल्या मराठीत उतरवतो आहे. खुणेने भागत नसे तेव्हा समोरासमोर उभे राहून, तोंड मोठे उघडून, शब्द तोडून तोडून बोलावे लागे. निम्मे कानाने कळे, निम्मे ओठांवरून. मागांना आठवड्याची सुट्टी असे त्या दिवशीही आमचे आवाज खाली येत नसत आणि हातही थांबत नसत. शेजारचे लोक म्हणत, हे विणकर भांडतात की बोलतात तेच कळत नाही. हे सविस्तर लिहिण्याचे कारण पुढे येईल.

माझी बहीण अनसूया माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान. बारीक, सावळी, नाकात चमकी. घरात ती सर्वांत चपळ होती. धागा तुटला की नायनांच्या आधी ती पाही. आईने नुसती मान हलवली तरी हिला काय हवे ते उमजे. शाळेत मात्र तिच्याविषयी तक्रारी येत. ती चौथीत असताना दिवाळीनंतर तिच्या वर्गाच्या बाईंनी मला बोलावून घेतले, कारण नायना शाळेत जाणार नाहीत हे त्यांना माहीत होते. बाई म्हणाल्या, "पोरगी मठ्ठ वाटत नाही रे. पण लक्ष म्हणून नाही. मी फळ्यावर लिहिता लिहिता शिकवते, तर ही मागं वळून दुसऱ्या पोरींच्या तोंडाकडं बघत बसते. दोनदा जागा बदलली. आता शेवटच्या बाकावर बसवलीय, कोपऱ्यात. घरी कुणीतरी वळण लावा तिला."

मी ते घरी सांगितले. नायनांनी माग थांबवला नाही. मला जवळ ओढून ते माझ्या कानाशी ओरडले, "चौथी पास झाली तर फुडं शिकंल. नापास झाली तर कांडीवर बसंल. तुज्या आईला तेवढाच हात लागंल. आता तू बघ."

कांडीवर बसणे म्हणजे धोट्यात घालायच्या नळ्यांवर रहाटाने सूत भरत राहणे. पेठेतल्या बहुतेक मुलींचे तेच होई.

"मी काय बघू? माजी मॅट्रिक हाय," मी म्हणालो.

"तू हुशार हायस की. हुशारी वाटली म्हणून कमी होती व्हय?"

मी पंधरा वर्षांचा होतो. वर्गात पहिला येत असे आणि ते मला फार आवडत असे. बहिणीला चौथी पास करून दाखवायची, हे मी स्वतःच्या परीक्षेतल्या एका विषयासारखे अंगावर घेतले.

मी तिला पडवीत भिंतीकडे तोंड करून बसवले. समोर लोखंडी पेटी, पेटीवर पाटी आणि पुस्तक. मी तिच्या पाठीमागे उभा राही, मागांच्या वर आवाज चढवून धडा वाची आणि मग त्यावर प्रश्न विचारी. पहिल्या दिवसापासून एकच गोष्ट होई. मी वाचू लागलो की ती मान वळवून माझ्याकडे पाही. "पुस्तकात बघ," मी सांगे. ती पुस्तकात पाही, आणि चार ओळी होत नाहीत तोच मान पुन्हा मागे. प्रश्नाचे उत्तर येत नसे. दहा दिवस मी हे सहन केले. मग एक उपाय सुचला. रंगीत सुताच्या खोक्यांचा जाड पुठ्ठा घरात पडलेला असे. त्याचे दोन हातभर तुकडे मी कापले, भोके पाडून सुतळी ओवली, आणि तिच्या डोक्याला दोन्ही बाजूंनी बांधले. आता तिला समोरच्या भिंतीखेरीज काही दिसत नव्हते. ही कल्पना मला टांग्याच्या घोड्याच्या झापडांवरून सुचली होती, आणि मला तिचा अभिमान वाटला होता.

माग दुरुस्त करायला मैनुद्दीन चाचा येत. त्यांनी पडवीतून जाताना हे पाहिले आणि हातातला पाना खाली ठेवून मोठ्याने हसले. "क्या रे व्यंकट, भैन कू टांगे कू जोतता क्या? टेशन तक का किराया कित्ता लेगा?"

आई हसली. माग बंद होता म्हणून नायनाही येऊन पाहून गेले आणि हसले. सगळे हसताहेत असे दिसल्यावर अनसूयाही हसली. चाचा मात्र जाताना मला बाजूला घेऊन म्हणाले, "मजाक अलग बात है. उस्कू निकाल दे, बेटा. बच्ची है." मी काढले नाही. ते आमच्या घरचे नव्हते आणि चौथीदेखील शिकलेले नव्हते, असा विचार मी केल्याचे मला आठवते.

पुठ्ठे बांधल्यावर ती मान वळवेनाशी झाली असे नाही. मान वळवली तरी मी दिसत नसे, म्हणून ती पूर्ण अंग वळवू लागली. त्यासाठी मी हातावर फुटपट्टी मारत असे. तिला सगळे समजते आणि ती मुद्दाम करते, अशी माझी खात्री झाली होती. कारण पुठ्ठे सोडून, जेवताना समोर बसून, मी तोच प्रश्न विचारला की ती उत्तर देई. भाकरी मोडत मोडत अचूक देई. मी त्याचा एकच अर्थ लावत होतो.

माघ महिन्यात एका दुपारी तिने तिसऱ्यांदा अंग वळवले. मी तिच्या डाव्या कानशिलावर मारले, हाताने, सगळा जोर लावून. पुठ्ठा फाटला. ती रडली नाही. कानावर तळहात ठेवून माझ्या तोंडाकडे पाहत राहिली. मी अजून काही बोलणार आहे का, याची ती वाट पाहत होती.

त्यानंतर आठ-दहा दिवसांनी दुपारी वीज गेली. माग एकदम थांबले. आई तापाने फणफणली होती आणि स्वयंपाकघरात नुकताच तिचा डोळा लागला होता. नायना वीज कधी येणार ते विचारायला चौकात गेले. फाटलेल्याच्या जागी नवा पुठ्ठा बांधलेली अनसूया भिंतीकडे तोंड करून पाटीवर गुणाकार मांडत होती. आई जागी होऊ नये म्हणून मी हळू आवाजात तिला म्हणालो, "अनसू, मडकं उघडं हाय, झाकण ठेव." ती लिहीत राहिली. मी पुन्हा सांगितले, थोडे मोठ्याने. तिच्या खांद्याचीही हालचाल झाली नाही. मला राग यायला हवा होता. पण घरात इतकी शांतता होती की माझाच आवाज मला भिंतीवरून परत ऐकू येत होता, आणि तो तिच्यापर्यंत पोहोचत नव्हता हे त्या शांततेत उघड दिसत होते. मी तिच्या मागे एका हाताच्या अंतरावर उभा राहिलो आणि म्हणालो, "अनसू, मी तुला रिबिनी आणल्यात."

ती गुणाकार करत होती. सातसत्ते एकोणपन्नास, नऊ खाली, हातचे चार.

मी पुढे गेलो. तिचे पुठ्ठे सोडले. तिच्यासमोर उकिडवा बसलो आणि तेच वाक्य फक्त ओठांनी बोललो. आवाज अजिबात काढला नाही.

तिचा चेहरा उजळला. "खरं? कुठल्या रंगाच्या?"

रिबिनी आणलेल्या नव्हत्या. मी "लाल" म्हणालो, तेही आवाजाशिवाय, आणि तिने दोन्ही हातांनी आपल्या वेण्या पकडल्या.

आज मला हे सगळे स्पष्ट मांडता येते. ज्या घरात कुणालाच नीट ऐकू येत नाही, त्या घरात एका मुलीला कमी ऐकू येते हे कुणाच्या ध्यानात यावे? आम्ही सगळेच तिच्यासारखे वागत होतो. आमच्या खुणांनी आणि आमच्या ओठांनी तिला नऊ वर्षे सांभाळले होते, आणि त्यांनीच तिचे कमी ऐकू येणे झाकून ठेवले होते. शाळेत बाई फळ्याकडे तोंड करून बोलत, म्हणून ती ज्यांचे ओठ दिसत त्यांच्याकडे वळे. घरी मी तिच्यापासून ओठ लपवले होते. तिचे लक्ष कधीच ढळलेले नव्हते.

परंतु त्या दुपारी मला यातले काही सुचले नाही. मला एवढेच सुचले की मी तिच्या कानावर मारले आणि ती बहिरी झाली. शाळेतल्या तक्रारी त्या माराच्या कितीतरी महिने आधीच्या होत्या, हा हिशेब माझ्या मनात आलाच नाही. मला नायनांचा चेहरा दिसला. सरकारी दवाखान्यात तिला नेतील, डॉक्टर विचारतील की कुणी मारले होते का, आणि ती माझ्याकडे बोट दाखवील, इथपर्यंत मला दिसले. मी पुठ्ठे चुलीत घातले आणि कुणालाही काही सांगितले नाही.

रिबिनी मी दुसऱ्या दिवशी आणल्या. तिला भिंतीकडून फिरवून समोर बसवले. परीक्षेला पाच आठवडे राहिले होते. त्या पाच आठवड्यांत अनसूया जे शिकली ते मी छत्तीस वर्षांच्या नोकरीत फार थोड्या विद्यार्थ्यांमध्ये पाहिले. मी तोंड मोठे करून शब्द तोडीत बोलायचो. ती एकदा पाहायची आणि पाठ व्हायचे. इतिहासाचे धडे तिने मला उलट समजावून सांगितले, हातवारे करून, राजाची मिशी पिळून. आई तापातून उठली होती, ती दारात उभी राहून म्हणाली, "काय जादू केलास रे? लईच शिकायलीया की." मी म्हणालो, "मार दिला नाही म्हणून." हे त्या काळातले माझे सर्वांत मोठे खोटे नव्हते.

मोठे खोटे शाळेत होते. बाईंना एक वाक्य सांगायचे होते. हिला पुढे बसवा आणि हिच्याकडे तोंड करून बोला. मी दोनदा शाळेच्या फाटकापर्यंत गेलो. दोन्ही वेळा बाई दिसल्या आणि मी परत आलो. परीक्षेत अनसूया शेवटच्या बाकावरच बसली. गणितात तिला वर्गातले दुसऱ्या क्रमांकाचे गुण पडले. श्रुतलेखनाचा कागद तिने जवळजवळ कोरा दिला. तोंडी परीक्षेला बाई वहीत गुण मांडत, मान खाली घालून प्रश्न विचारत होत्या, असे तिने घरी येऊन मला खुणेने दाखवले. मराठीत ती नापास झाली, आणि मराठीत नापास म्हणजे नापास.

निकालाच्या दिवशी नायनांनी दोन्ही माग लवकर बंद केले. त्यांनी ओरडाआरडा केला नाही. आई म्हणाली, "गणितात बघा की किती मार्क हायती. आनिक एक वरीस बसू दे चौथीत."

नायनांनी विडी पेटवली. मग त्यांनी मला विचारले. त्यांनी माझ्याशी एवढ्या गंभीरपणे यापूर्वी काही बोलल्याचे मला आठवत नाही. "तू शिकवलास तिला. तू शिकल्याला हायस. आनिक एक वरीस घातलं तर काय फरक पडंल का? तू म्हणशील तसं करतो."

अनसूया चुलीपाशी बसली होती. नायना तिच्याकडे पाठ करून बोलत होते, त्यामुळे मला काय विचारले जात आहे हे तिला कळत नव्हते. तिला माझे तोंड तेवढे दिसत होते.

आणखी एक वर्ष म्हणजे आणखी एक बाई, आणखी तक्रारी, आणि कधीतरी कुणीतरी शहाणे माणूस म्हणणार की हिचे कान दाखवून आणा. मी म्हणालो, "न्हाय पडणार."

"बरं," नायना म्हणाले.

शाळेतून नाव काढण्याचा अर्ज मीच लिहिला, कारण घरात अर्ज लिहिण्याइतके मराठी येणारा मीच होतो. मुख्याध्यापकांनी कारण लिहायला सांगितले. मी लिहिले, "अभ्यासात लक्ष नसल्यामुळे." नायनांनी खाली तेलुगूत सही केली. माझे अक्षर चांगले आहे असे मुख्याध्यापक म्हणाले. त्या वर्षी मी मॅट्रिकला शाळेत पहिला आलो.

अनसूया कांडीवर बसली. सहा वर्षांनी तिचे लग्न झाले. सासरी तिने विड्या वळल्या. रोजचा हजाराचा कोटा ती इतरांच्या आधी संपवी. तिला कमी ऐकू येते हे हळूहळू सर्वांना कळले, आणि मागांमुळे झाले असेल असे सर्वांनी गृहीत धरले. आमच्या पेठेत म्हाताऱ्या विणकरांचे कान जातातच. तिची मुले मोठी झाल्यावर थोरल्याने तिला कानाच्या डॉक्टरांकडे नेले, तेव्हा मी बरोबर गेलो. तपासणी झाल्यावर तिला बाहेर बसवून मी डॉक्टरांना विचारले की लहानपणी कानशिलावर मार लागल्याने असे होते का. त्यांनी सांगितले की दोन्ही कानांच्या नसा सारख्याच दुबळ्या आहेत. जन्मतः असेल किंवा अगदी लहान असताना आलेल्या तापाने. एका बाजूला लागलेल्या मारामुळे असे होत नाही. मी त्यांचे आभार मानले. बाहेर येऊन अनसूयेला सांगितले की यंत्र लावावे लागेल. जे लपवण्यासाठी मी तिची शाळा घालवली होती, ते घडलेलेच नव्हते.

नातीचे कान मी मागच्या आठवड्यात तपासून घेतले. ते उत्तम आहेत. तिचे लक्ष खरोखरच लागत नाही, आणि त्यावर काय करावे हे मला माहीत नाही.

डॉक्टरांकडून आल्यानंतरही मी अनेक वर्षे गप्प राहिलो. नातीची चिठ्ठी आली त्यानंतरच्या रविवारी मी विडी घरकुलात, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीत, अनसूयेच्या घरी गेलो. ती उंबऱ्याशी बसून शेंगा फोडत होती. कानात यंत्र होते. मी समोर बसलो आणि सगळे सांगितले: वीज गेली ती दुपार, रिबिनीचे वाक्य, शाळेचे फाटक, नायनांचा प्रश्न आणि माझे उत्तर. तिने मध्ये एकदाही मला थांबवले नाही. शेंगा फोडणे चालू होते.

"म्हंजे मी मठ्ठ नव्हते," ती म्हणाली.

"नव्हतीस."

"आणि तुला तवाच ठावं हुतं."

"व्हय."

तिने हातातली टरफले परातीत टाकली. मग ती म्हणाली, "अन्ना, मग आता कशाला सांगितलास? इतकी वर्सं मी सोताला मठ्ठ समजत हुते. डोकंच न्हाय म्हणून शाळा गेली, म्हणून ह्या विड्या, म्हणून हे सगळं. माजं मन शांत हुतं की रे. कुणावर राग नव्हता."

तिच्या सुनेने चहा आणला. तो मी प्यालो आणि उठलो. एरवी ती चौकापर्यंत सोडायला येते. त्या दिवशी ती उंबऱ्यावरून उठली नाही.